पेप्टाइडचे तंतू एका दिशेला लावायचे: फिरवून की ताणून?

पेप्टाइडचं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचं) द्रावण कुपीत तयार आहे, तंतू जमलेत, आता ते एका दिशेला लावून बघायचेत. उपकरण ठरवण्याआधी एक फुकटची चाचणी करा. दोन पोलरायझर (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या चकत्या) एकमेकांना काटकोनात धरा, मधे कुपी ठेवा आणि ती हलकेच तिरकी करा. काळोखात उजळ पट्टे उमटले तर तंतू प्रवाहाला दाद देतायत. पट्टे विझायला किती वेळ लागतो तेही बघा. क्षणात विझले तर बहुधा तंतू आखूड आहेत. मिनिटभर रेंगाळले तर द्रावण जेलकडे झुकलंय.

फिरवायचा मार्ग म्हणजे कूएट पात्र. एकात एक दोन नळकांडी, मधल्या बारीक फटीत द्रावण, आणि एक नळकांडं फिरतं. तोच नमुना तासभर गोल फिरवता येतो आणि शिअरचा, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा, दर नेमका ठाऊक असतो. पेप्टाइड महाग असतं, त्यामुळे थोडक्या नमुन्यात भागणं ही लहान गोष्ट नाही.

पण शिअर निम्मं ताणतं आणि निम्मं फिरवतं. एकटी कांडी शिअरमध्ये स्थिर राहत नाही, प्रवाहाच्या दिशेला बराच वेळ रेंगाळते आणि मग कोलांटी मारते, हे जेफरीने १९२२ मध्येच गणिताने दाखवलं. त्यात पाण्याच्या रेणूंचे धक्के आलेच. खरी झुंज शिअरचा दर आणि या धक्क्यांनी होणारं भरकटणं यांच्यात असते, आणि तिचा निकाल लांबी लावते. ढोबळ हिशेब असा: १० नॅनोमीटर जाड, १ मायक्रोमीटर लांब ताठ तंतूचा फिरण्याचा विसरण-गुणांक (धक्क्यांनी दिशा किती झपाट्याने भरकटते त्याचं माप) पाण्यात सेकंदाला साधारण १५ येतो. लांबी १०० नॅनोमीटर केली की तोच आकडा काही हजारांवर जातो. म्हणजे सेकंदाला १००० दराचं शिअर लांब तंतूंना वळवतं, आखूड तंतूंना जेमतेम जाणवतं. वेग वाढवत नेणं हा उपाय नव्हे. आतलं नळकांडं जोरात फिरवलं की प्रवाहात भोवरे पडतात (टेलर, १९२३). बाहेरचं फिरवणारं पात्र मिळालं तर तेच घ्या.

ताणायच्या मार्गात वाहिनी निमुळती होत जाते, किंवा दोन प्रवाह समोरासमोर येऊन दोन बाजूंना निघून जातात. निव्वळ ताणात फिरवणारा भाग नसतोच, त्यामुळे कोलांटीही नाही. समोरासमोरच्या रचनेत मध्यबिंदूपाशी वेग शून्य असतो. तिथे आलेला तंतू बराच वेळ ताणला जातो. मात्र ही जागा इवलीशी असते, मोजायला प्रकाशाची किंवा क्ष-किरणांची बारीक शलाका लागते, नमुना सतत वाहून जातो, आणि गुठळी आली की वाहिनी तुंबते. नुसतं ‘तंतू वळतात का’ हे बघायला मी तरी या भानगडीत पडणार नाही.

दिशा टिकवायची असेल तर गोष्ट वेगळी. कूएट थांबलं की पातळ द्रावणातली रांग मोडते. निमुळत्या तोंडातून द्रावण थेट कॅल्शियमच्या क्षारात सोडलं तर तंतू जागच्या जागी गोठतात. २०१० मध्ये स्टुप यांच्या गटाने पेप्टाइड-अँफिफाइलचं (पाणी टाळणारी शेपटी जोडलेल्या पेप्टाइडचं) द्रावण ८० अंश सेल्सिअसला तापवून, थंड करून पिपेटने असंच ओढलं. मिळाली ती शेवयांसारखी जेलची दोरी, आतले तंतू लांबीच्या दिशेने लागलेले. असं काही हवं असेल तर कूएटवर वेळ घालवू नका.

मोजणीचं थोडक्यात: क्ष-किरणांच्या विखुरण्यात तंतू रांगेत लागले की प्रवाहाच्या आडवी रेघ दिसते, आणि मोठ्या कोनात बीटा-पट्ट्यांचं (शेजारी-शेजारी रचलेल्या ताठ पेप्टाइड-साखळ्यांचं) ०.४७ नॅनोमीटरचं अंतर प्रवाहाच्या दिशेने उमटतं. चित्र नि:संदिग्ध, पण चांगल्या मोजणीला बहुधा सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) वेळ मिळवावा लागतो. रेषीय द्विवर्णता, म्हणजे प्रवाहाला समांतर आणि आडव्या ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक, रोजच्या प्रयोगशाळेत मोजता येते. पेप्टाइड-बंध १९० ते २३० नॅनोमीटरमध्ये प्रकाश शोषतो. मिठाचं पाणी मात्र टाळा, २०० च्या खाली क्लोराइडच सगळा प्रकाश गिळतं. नुसत्या पेप्टाइडचा सिग्नल ३२० च्या पुढे शून्य यायला हवा. नसेल, तर जाड तंतू प्रकाश विखरतायत आणि खालचे आकडेही त्याने बिघडलेत.

प्रवाह बंद करून एक मापन जरूर घ्या. कुपीतले पट्टे झटकन विझत होते आणि इथे सिग्नल तसाच राहिला, तर तो काचेला चिकटलेल्या तंतूंचा असण्याची शक्यता जास्त. पात्र धुऊन नव्या नमुन्याने पुन्हा सुरुवात करा.