टायरच्या मोल्डवर आणि ब्लॅडरवर सेमी-परमनंट सिलिकॉन कोटिंग: अंबडच्या छोट्या कारखान्यातला अनुभव

आषाढात आम्ही प्रेस विभागात, म्हणजे जिथे कच्चा टायर मोल्डमध्ये (साच्यात) गरम करून पक्का होतो तिथे, पाण्यावर आधारित सेमी-परमनंट सिलिकॉन कोटिंग सुरू केलं. टायर मोल्डला आणि ब्लॅडरला, म्हणजे टायरला आतून मोल्डवर दाबणाऱ्या रबरी पिशवीला, चिकटू नये म्हणून ते लावतात. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आता निफाडकडे पारा दर दोन दिवसांनी बातमीत येतो आहे आणि कोटिंग अजून चालू आहे. म्हणजे ओल आणि थंडी दोन्ही पाहून झाली. आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. बैलगाडीचे आणि ट्रॉलीचे टायर, शिवाय लोखंडी पट्ट्यावर बसणारे फोर्कलिफ्टचे सॉलिड टायर बनवतो. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मला सांगायचं आहे ते डब्याबद्दल कमी आणि तो माल लावण्याबद्दल जास्त आहे.

आधी आमच्याकडे बहुतेक छोट्या कारखान्यांत असते तीच पद्धत होती. सिलिकॉन तेलाचं इमल्शन पाण्यात पातळ करायचं आणि प्रत्येक टायरआधी मोल्डवर फवारायचं. कच्च्या टायरच्या आतून वेगळा घोळ मारायचा: सिलिकॉन, अभ्रक, शंखजिऱ्याची पावडर. टायर सुटायचा, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तेल मोल्डला धरून राहत नाही. काही टायरबरोबर निघून जातं, उरलेलं १५०-१६० अंशांवर भाजत राहतं आणि रबरातून येणाऱ्या मळात मिसळतं. रबरातलं झिंक ऑक्साइड आणि गंधक यांच्यापासून होणारं झिंक सल्फाइड हा त्या मळाचा मोठा भाग. तो हळूहळू व्हेंटच्या, म्हणजे मोल्डमधली हवा बाहेर जाण्याच्या, भोकांत बसतो. व्हेंट बुजलं की हवा अडकते, आणि टायरच्या खांद्यावर रबर न पोचलेली गुळगुळीत जागा दिसते.

सेमी-परमनंट प्रकारात सिलिकॉनच्या साखळ्या गरम धातूवर एकमेकींना जोडल्या जातात आणि पातळ, टिकाऊ थर तयार होतो. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला साधारण ४५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बनला ३५० च्या आसपास, म्हणून हा थर क्युरिंगची, म्हणजे रबर पक्कं करतानाची, उष्णता सोसतो. त्याचा पृष्ठताण २०-२१ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका कमी असतो, पाण्याचा ७२. त्यामुळे गरम रबराला त्यावर पसरून चिकटायला जागाच मिळत नाही.

हे सगळं खरं ठरतं ते मोल्ड धातूपर्यंत स्वच्छ असेल तरच. जुन्या तेलाच्या थरावर नवं कोटिंग मारलं तर ते त्या थरासकट पहिल्याच पाळीत टायरला लागून येतं. आमचे ओतीव लोखंडी मोल्ड काचमण्यांच्या ब्लास्टिंगने साफ केले. ॲल्युमिनियमच्या मोल्डला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत कधी घालू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. त्याला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, सर्वांत चांगलं. उणे ७८ अंशांचे ते दाणे आदळले की मळ तडकतो आणि दाणे वायू होऊन उडून जातात, नक्षी घासली जात नाही. बाहेरून मशीन मागवायचा खर्च आहे, तो करावा.

मग गरम मोल्डवर धुक्यासारखे पातळ हात. एक हात मारायचा, पाणी उडू द्यायचं, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी मोल्ड बंद करून थर नीट भाजून घ्यायचा. पुरवठादाराचा माणूस सांगतो तेवढी मिनिटं पूर्ण द्या. प्रेस रिकामी उभी पाहून जीव तुटतो, पण इथे घाई केली की सगळा खर्च वाया.

एकदा थर बसला की प्रत्येक टायरला फवारा लागत नाही. पाळीच्या सुरुवातीला हलका हात, बस. टायरवरची अक्षरं आता कडेला धारदार उठतात, आणि पृष्ठभागावर आधी तेलकट डाग यायचे ते गेले. मला सर्वांत मोठा फरक दिसला तो जिथे रबराचे दोन प्रवाह येऊन मिळतात तिथे. फवारा जास्त झाला की रबर वाहताना तेल पुढे ढकलत नेतं, ते दोन प्रवाहांच्या मध्ये अडकतं आणि तिथे रेघ राहते. बाहेरून ती साधी सुरकुती वाटते. उसाने भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की चीर तिथूनच सुटते. बैलगाडीच्या टायरला कोण एवढं बघतो, असं म्हणणारे लोक धंद्यात आहेत. ती गाडी घेऊन कारखान्याच्या गेटवर रात्रभर रांगेत उभा राहणारा माणूस बघतो.

ब्लॅडरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. मोल्डचं कोटिंग ब्लॅडरला चालत नाही. मोल्डवरचा थर कडक हवा, ब्लॅडरवरचा लवचीक, कारण ब्युटाइल रबराची ती पिशवी प्रत्येक टायरला फुगते, ताणते, पुन्हा मिटते. कडक थर तिथे तडकतो आणि त्याचे पापुद्रे टायरच्या आत चिकटतात. दोन वेगळे माल घ्यावे लागतात, कोणी एकाच डब्यात दोन्ही होतं म्हणालं तर नमुना मागा आणि फुगवून पाहा. नव्या ब्लॅडरच्या अंगावर तो बनवतानाचं तेल असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग कोटिंग. आम्ही हे काम प्रेसवर करत नाही, बाजूच्या खोलीत टांगून करतो. पावसाळ्यात हवेतच एवढी ओल की पाणी उडायला फार वेळ लागला, आणि आता थंडीत थर पक्का व्हायला वेळ लागतो. आम्ही खोलीत हीटर लावला आणि ब्लॅडर एक दिवस आधी तयार करायला लागलो. त्यानंतर कटकट नाही. ब्लॅडर आधीपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकतो, कारण आता तो टायरच्या आतल्या बाजूवर घासत नाही, सरकतो. आतला घोळही बराच कमी झाला. तुम्ही ट्यूबलेस बनवत असाल तर हा फायदा फार मोठा आहे, कारण आत सिलिकॉनचा लेप राहिला तर पंक्चरचा पॅच धरत नाही.

आता सिलिकॉनचा तोच गुण जिथे घात करतो ते. आमच्या सॉलिड टायरमध्ये रबर लोखंडी पट्ट्याला बाँडिंग एजंटने धरतं. त्या पट्ट्यावर सिलिकॉनचं धुकं बसलं तर ते धरणार नाही, आणि डोळ्यांना काहीही दिसणार नाही. म्हणून फवाऱ्याची गन, हातमोजे, चिंध्या, सगळं वेगळं. पट्टे दुसऱ्या बाजूच्या बंद खोलीत. कच्च्या टायरचा सांधा जोडणाऱ्या माणसाने प्रेसवर हात लावायचा नाही. शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंग चालतं, आणि रंगाच्या कामात सिलिकॉनच्या थेंबाने माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, म्हणून आमचा एक्झॉस्ट पहिल्या दिवसापासून मागच्या बाजूला आहे. फवारताना मास्क हवाच. आणि प्रेससमोरची फरशी रोज धुवा. सिलिकॉन पडलेल्या फरशीवर हातात गरम टायर घेऊन माणूस घसरला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरचं जड पाणी घातलं की इमल्शन फुटतं, वर तवंग येतो. डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच वापरा आणि ड्रिलला पाते लावून जोरात घुसळू नका, त्यानेही फुटतं. पातळ केलेला माल त्याच आठवड्यात संपवा, नाही तर त्याला वास येतो. कॉम्प्रेसरच्या लाइनला तेल-पाण्याचा फिल्टर नसेल तर तो आधी बसवा.

किलोचा भाव पाहिला तर हा माल जुन्या इमल्शनपेक्षा बराच महाग आहे. टायरमागे हिशोब केला तर आम्हाला परवडला, कारण मोल्ड साफ करायला प्रेस थांबवणं कमी झालं. एका मोल्डवर मात्र आम्ही हे बंद केलं. तो फार जुना आहे, पृष्ठभागाला बारीक छिद्रं पडली आहेत, आणि कितीही साफ केला तरी त्या छिद्रांतून मळ वर येऊन थर उचलतो. तसे मोल्ड तुमच्याकडे असतील तर त्यांना जुनंच इमल्शन राहू द्या, आणि नव्या मालाची चाचणी तुमच्या सर्वांत चांगल्या मोल्डवर घ्या.