सोलब्रेन की शॅटरहँड?

'तोक्क्यू शिरेई सोलब्रेन' ही तोएई या जपानी स्टुडिओची 1991 मधली 'मेटल हीरो' (चिलखतधारी नायकांची) टीव्ही मालिका. त्याच वर्षी नात्सुमे या गेम कंपनीने तिच्यावर फॅमिकॉमसाठी (निन्टेन्डोचं जपानमधलं गेमयंत्र) गेम बनवला. अमेरिकेत जालेको या प्रकाशक कंपनीने तोच गेम 'शॅटरहँड' नावाने आणला. गाभा एकच, पण मालिकेतला चिलखतधारी नायक जाऊन तिथे यांत्रिक हातांचा पोलीस आला.

खरी मजा दोन्हींत सारखीच आहे: ठोसे. शत्रूची गोळी अंगावर येताना नेमक्या क्षणी बुक्की मारली तर गोळीच फुटते! जाळीला लटकून हे जमवणं म्हणजे कसोटी. अल्फा किंवा बीटा यांपैकी कोणतीही मिळून तीन अक्षरं गोळा केली की मदतनीस रोबो मिळतो. क्रम बदलला की रोबोही बदलतो, असे एकूण आठ प्रकार. मला तलवारवाला सर्वांत भरवशाचा वाटतो.

मोठा फरक एका टप्प्यात आहे. जपानी आवृत्तीत करमणूक पार्क आहे, अमेरिकन आवृत्तीत त्याजागी पाणबुडी. पार्कला स्वतःचा रंग आहे. पाणबुडी चांगली असली तरी बाकीच्या कारखानी वातावरणात मिसळून जाते.

मालिकेवर प्रेम असेल तर सोलब्रेनच घ्या, लाडका नायक हाती येतो. मालिका माहीत नसेल आणि गोष्ट इंग्रजीत वाचायची असेल, तर शॅटरहँड सोयीचा. मी मात्र पार्कसाठी सोलब्रेनच निवडेन.