काटा हलला आणि मी पैसे मोजले

कॅनन कॅनोनेट जी-३ क्यूएल १७ हा १९७२ साली बाजारात आलेला रेंजफाइंडर (वस्तूचे अंतर जुळवून फोकस करायचा) फिल्म कॅमेरा मी गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून साडेनऊ हजारांना घेतला. माझी फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहितो, कारण हीच युक्ती मीटर (प्रकाश मोजणारे साधन) असलेल्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांवर चालते.

विक्रेत्याने मला भर दुपारी गच्चीवर नेले, शटर १/२५० सेकंदावर ठेवले आणि व्ह्यूफाइंडरमधला काटा एफ/१६ वर, म्हणजे कॅमेऱ्याने निवडलेल्या अ‍ॅपर्चरच्या (भिंगाच्या छिद्राच्या) आकड्यावर, आलेला दाखवला. त्याच्या फोनवरचे मीटर अ‍ॅपही २०० आयएसओला (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) तेच सांगत होते. "साहेब, सेल नवा आहे, मीटर एकदम अचूक," असे तो म्हणाला. जिन्यातल्या सावलीत पाहू या, असे मी सुचवले तेव्हा त्याने घाईचे कारण सांगितले. खरे तर तिथेच मी थांबायला हवे होते.

घरी २०० आयएसओचा रंगीत रोल भरला, आयएसओचे कडे २०० वर आणले (ते आधी १०० वर होते, ही गोष्ट मला उशिरा आठवली) आणि उन्हात छत्तीस फोटो काढले. लॅबचे स्कॅन करडे, दाणेदार आले. विक्रेत्याने दोष लॅबवर ढकलला. पण निगेटिव्ह उजेडासमोर धरल्यावर काठावरचे फ्रेमचे आकडे ठळक दिसत होते आणि चित्रे मात्र पातळ होती, म्हणजे रोल नीट धुतला गेला होता आणि प्रकाशच कमी पडला होता. केवळ स्कॅन पाहून हे कळत नाही, कारण लॅबचे यंत्र फोटो उजळून देते.

एका जुन्या मेकॅनिकने उलगडा केला. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला असून ते सेल आता मिळत नाहीत. विक्रेत्याने आत साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसवला होता. वाढीव विद्युतदाबामुळे काटा जास्त हलतो, कॅमेऱ्याला उजेड आहे त्याहून अधिक वाटतो आणि तो अ‍ॅपर्चर गरजेपेक्षा लहान करतो. कड्यावरचा आकडा कमी केला की कॅमेरा जास्त प्रकाश घेतो; हा फरक झाकण्यासाठीच कडे १०० वर ठेवलेले होते. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे आज जुळवलेला हिशेब महिन्याभराने टिकत नाही.

श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. तो बारीक कडी लावून बसवला, तेव्हा उन्हातले माप जुळले. खोलीत मात्र कॅमेरा अजूनही दोन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त प्रकाश मागत होता, कारण प्रकाश मोजणारी कॅडमियम सल्फाइडची पेशीच थकलेली आहे. जिना का नको होता, ते तेव्हा कळले. म्हणून घेणाऱ्याने सेल स्वतः न्यावा, आयएसओचे कडे स्वतः फिरवावे आणि ऊन, सावली व खोली अशा तिन्ही ठिकाणी फोनशी ताडून पाहावे; विक्रेत्याला तेवढी सवड नसेल, तर व्यवहार तिथेच सोडावा.

"जुन्या वस्तूला गॅरंटी नसते," या उत्तरानंतर विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. मी आता फोनच्या मापावर मॅन्युअलमध्ये, म्हणजे अ‍ॅपर्चर हाताने ठरवून, फोटो काढतो. त्या स्थितीत या कॅमेऱ्याचा मीटर तसाही बंद असतो आणि यांत्रिक शटरला सेल लागत नाही.