पाइपचा गॅस: स्वयंपाकघरात झकास, रस्त्यावर बोंब

वारज्यात महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून आमची सोसायटी. पाइपचा गॅस घेऊन आठ महिने झाले. सिलिंडर संपला की ऐन पुरणपोळीच्या दिवशी व्हायची ती धावपळ संपली, एवढ्यासाठीच चार तारे. आच थोडी मंद वाटते, पण भाकरी फुगते. आईला गळतीची धास्ती होती. मीटर बसवणाऱ्या दादांनी तिला समजावलं, "आजी, हा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा जड, खाली साचतो. वास आला की आधी खिडकी उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका."

पाचवा तारा कापला तो खोदाईने. महामार्गाच्या हद्दीतून पाइप न्यायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते, आत शिरलं की महापालिकेची. नियम सुरक्षेचे आहेत, मान्य. पण पिवळी नळी पुरून झाल्यावर चर नुसत्या मातीने बुजवला आणि पहिल्या पावसात माझी ॲक्टिव्हा त्यात रुतली. तक्रार केली तर ठेकेदार म्हणे डांबर महापालिकेचं, महापालिका म्हणे ठेकेदाराचं. शेवटी वॉचमनने राडारोडा टाकला. नळीवर खुणेचा खांब मात्र चोख उभा केलाय. त्यालाच आता कोणीतरी गाढव बांधतं.