कार्यक्रम घ्यायचे की घरीच वाजवायचं? नोकरी करणाऱ्या तबलावादकासाठी

तबल्याच्या परीक्षा विशारदपर्यंत झाल्या आहेत, किंवा त्याआधीची मध्यमा पूर्ण करून थांबला आहात. नोकरी लागल्यापासून गुरुजींकडे जाणं कमी झालं, तरी हात गेलेला नाही. अशात सोसायटीच्या गणपतीत कुणी तुमची साथ ऐकतं आणि विचारतं, "पुढच्या शनिवारी मोकळे आहात का? कोथरूडला यशवंतराव नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम आहे, आमचे तबलेवाले नेमके बाहेरगावी आहेत." या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे ठरवण्याआधी वाचायला म्हणून हे लिहितोय. मी दोन्हीकडे वाजवलं आहे. दोन्हीकडची माणसं मला जवळची आहेत आणि ती एकमेकांबद्दल जे बोलतात त्यातलं बरंचसं मला अन्यायाचं वाटतं.

कार्यक्रम करणारे म्हणतात, "घरी काय, सगळेच वाघ असतात." म्हणजे कायदे, रेले, चक्रदार असं एकट्याने वाजवायचं सगळं येतं, पण गायिकेने अंतरा संपवून मुखडा एकदाच घेतला आणि पुढे गेली की यांचा हात अडखळतो. घरी वाजवणारे म्हणतात, "त्यांना काय, केरवा धरायचा आणि पाकीट घ्यायचं. रियाज करतंय कोण?" (केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल, पाकीट म्हणजे मानधन.) दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली. पण यातून फक्त कोण जास्त चांगला वाजवतो याचीच मापं निघतात आणि तेवढ्यावर तुमचा निर्णय होणार नाही. स्वतःला विचारायचं ते असं: माझ्या वाजवण्याचा जाब मला कोणी विचारलेला हवा आहे? कार्यक्रमात तो गायक विचारतो, पेटीवाला विचारतो, पहिल्या रांगेतले आजोबा विचारतात, आणि तेही तिथल्या तिथे. घरी तो तुमचा स्वतःचा कानच विचारतो. तो कान कडक असेल तर घरच्यासारखी जागा नाही. ढिला असेल तर दहा वर्षं तीच चूक घोटली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

रियाज दोन्हीकडे असतो, फक्त त्याची जात वेगळी

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन आलेल्याचा हात मुख्यतः स्वतंत्र वादनासाठी तयार झालेला असतो. कार्यक्रमात पहिल्या गाण्यापासून समोर येतो केरवा. मात्रा आठच, पण भजनाचा केरवा वेगळा, गझलेचा वेगळा, ढोलकाच्या अंगाने जाणारा वेगळा. मुखड्याआधीची उठाण (जोर घेत मुखड्यावर येणारा तुकडा) कुठे घ्यायची, म्युझिक पीसमध्ये कुठे हात उचलायचा, शेवटी मुखडा तीनदा होणार की गायक दुसऱ्यांदाच थांबणार, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात. आणि पुण्यातले श्रोते ती आपल्याहून जास्त वेळा ऐकून आलेले असतात. कार्यक्रम संपल्यावर विंगेत येऊन "दुसऱ्या अंतऱ्याआधीची तिहाई आज राहिली हो" असं सांगणारे भेटतात. त्यांचा राग येऊ देऊ नका, असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

घरच्या रियाजाची श्रीमंती मात्र कार्यक्रमवाल्याला परवडत नाही. लेहऱ्याचं (ताल दाखवत फिरणाऱ्या सुरावटीचं) अ‍ॅप लावायचं, लय मिनिटाला साठ मात्रांवर ठेवायची आणि एकच कायदा महिनाभर घ्यायचा. आज 'तिरकिट'मधलं एक अक्षर दबतंय, उद्या ते उघडतंय. डग्ग्यावरची घिस्सी (तळहात घासून काढलेला घुमारा) आज कोरडी आहे, पंधरा दिवसांनी तिच्यात ओल येते. सीझनमध्ये हे जमत नाही. गणपती झाले की पितृपंधरवड्यात जरा शांतता, मग नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, आणि तिथून थंडीतले महोत्सव. हात भरपूर वाजतो, पण जे येतं तेच वाजतं. तीन-चार वर्षं असं गेलं की बोटं चलाख होतात आणि विचार थांबतो. घरी वाजवणाऱ्यांचा आक्षेप या जागी मला शंभर टक्के पटतो.

आता दुसरी बाजू, जी घरात बसून कळत नाही. नाट्यगृहातली एक गोष्ट जवळून बघा. साडेपाचचा कार्यक्रम आहे. गायक काळी दोनमध्ये गातो (म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्याचा 'सा'), गायिका काळी पाचमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी टिपेचा (लहान तोंडाचा, चढ्या सुराचा) आणि तिच्यासाठी ढाला (मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा) असे दोन तबले शेजारी ठेवलेले. साउंड चेकला दोन्ही लखलखीत लावलेले असतात. नंतर पडदा उघडतो, रंगमंचावरचे दिवे तापतात आणि पुडी (तबल्यावरचं चामडं) सुकून सूर चढायला लागतो. पावसाळ्यात गणपतीच्या उघड्या मांडवात याच्या उलट होतं, दमट हवेने चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. गायिकेचं गाणं येईपर्यंत ढाला तबला हललेला असतो आणि हातात असतं निवेदकाचं मिनिट-दीड मिनिट. निवेदक कवीबद्दल बोलतोय, त्यामुळे जोरात ठोकता येत नाही. पेटीवाला मान न वळवता अगदी हलका 'सा' धरतो. तुम्ही चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, बोटाने बारीक 'ना' काढत वादीमधल्या सोळा घरांतून फिरता, जिथे सूर फाटतोय तिथे गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडीचा एक अलगद ठोका, मग त्याच्या समोरच्या घरावर. निवेदकाचं शेवटचं वाक्य आणि तुमचं शेवटचं घर एकदम संपायला हवं. घरी हेच काम आपण चहा पीत पंधरा मिनिटं करतो. "केरवा धरायचा आणि पाकीट घ्यायचं" म्हणणाऱ्याने एकदा विंगेत उभं राहून हे दीड मिनिट पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

चुकीचंही तसंच. घरी चूक झाली की थांबून पुन्हा घेता येतं आणि तसंच घ्यायला हवं. रंगमंचावर चूक झाली की ती विसरून पुढची सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची असते. दोन्ही सवयी चांगल्या, पण एक दुसरीच्या जागी आली की घोटाळा होतो. सतत घरी वाजवणारा चुकल्यावर नकळत थांबतो. सतत कार्यक्रम करणारा चूक झाकण्यात इतका तरबेज होतो की ती दुरुस्त करायचंच राहून जातं.

पाकिटाबद्दल स्पष्ट बोलायला हवं

नोकरी असलेल्या माणसाने कार्यक्रमांकडे उत्पन्न म्हणून बघू नये. पुड्या, दुसरा तबला, पेट्रोल आणि तालमींच्या संध्याकाळी यांचा हिशेब मांडला तर हाती फारसं उरत नाही. पाकीट कधी त्याच रात्री मिळतं, कधी "पुढच्या आठवड्यात बघू" होतं.

पण म्हणून फुकट वाजवू नका. दोन्ही बाजूंमधली खरी कटुता इथे आहे आणि इथे मी ठामपणे कार्यक्रमवाल्यांच्या बाजूने आहे. "मला पगार आहे, मी आनंदासाठी येतो, पैसे नकोत" हे बोलणं मोठ्या मनाचं वाटतं. पुढच्या वेळी संयोजक तेच वाक्य अशा वादकाला ऐकवतो ज्याचं घरभाडं, मुलांची फी याच तारखांवर चालते. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधले काही महिने निम्म्या प्रेक्षकांत उघडली, पुन्हा बंद झाली, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत सुरू झाली. त्या काळात घरी वाजवणाऱ्याला उलट रियाजाला वेळ मिळाला. पूर्णवेळ वादकांनी काय काढलं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. त्यामुळे रिवाजाप्रमाणे असेल ते मानधन घ्या, नको असेल तर नंतर एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या तबल्याला द्या. सरकारी नोकरीत असाल तर मानधन स्वीकारण्याआधी आचरण नियम आणि परवानगीचं बघून घ्या. खासगी कंपनीत असाल तर नेमणूकपत्रातली बाहेरच्या कामाची अट वाचा.

कराओकेचं थोडक्यात. पुण्यात आता छोटी सभागृहं घेऊन हौशी गायकांचे ट्रॅकवरचे कार्यक्रम भरपूर होतात. गाणारे स्वतः वर्गणी भरतात आणि दोन-दोन गाणी गातात. वादकांचा त्यावर राग आहे, कारण जिथे पाच जण बसायचे तिथे एक लॅपटॉप बसला. राग समजतो, पण गाणाऱ्यांना हिणवणं मला पटत नाही. साठीनंतर पहिल्यांदा माइक हातात घेणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नसतो. अशा ठिकाणी ट्रॅकबरोबर तबला वाजवायला बोलावलं तर जरूर जा. मात्र ती साथ नव्हे, एवढं लक्षात असू द्या. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि गायकाचा श्वास ओळखणं हे साथीतलं अर्धं शिक्षण तिथे मिळत नाही.

घर, शेजारी आणि कान

कार्यक्रम घेतलेत तर सण घरी मिळत नाहीत. दिवाळी पहाट म्हणजे घरचे अभ्यंगस्नानाला उठतात तेव्हा तुम्ही तबले गाडीत ठेवत असता. पहिल्या वर्षी घरच्यांना कौतुक असतं, तिसऱ्या वर्षी नसतं. हे आधीच बोलून घ्या.

घरी वाजवलंत तर शेजारी आहेतच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. बंद खोलीतल्या तबल्यावरून कुणी पोलिसांत जाणार नाही, पण फ्लॅटच्या भिंती पातळ असतात आणि रात्री दहा ही वेळ आपणहून पाळलेली बरी. डग्ग्याचा घुमारा खालच्या मजल्यावर सगळ्यात आधी पोचतो, म्हणून खाली जाड सतरंजी घाला.

कानाचा विचार दोघांनीही करायचा आहे. कामाच्या जागी 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रंगमंचावर मॉनिटर आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी तीन तास बसणाऱ्याने, किंवा घरी हेडफोन लावून ट्रॅकवर वाजवणाऱ्याने, हा आकडा डोक्यात ठेवावा. ढोल पथकातल्या मुलांनी तर नक्कीच.

पथकांवरून आठवलं. पुण्यात हौशी आणि व्यावसायिक ही रेघ कधीच सरळ नव्हती. गणपतीआधी नदीपात्रात संध्याकाळी सराव करणारी मुलं-मुली कॉलेजात, बँकांत, आयटी कंपन्यांत असतात. स्वतःसाठी पैसे घेत नाहीत, आणि लक्ष्मी रस्त्यावर हजारो लोकांसमोर वाजवतात. डॉ. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात होते. दिवसा कचेरीत बसतो म्हणून त्यांच्या गाण्याला हौशी कुणी म्हटलं असतं का? तेव्हा नोकरी आहे म्हणून आपण कमी, किंवा मानधन घेतो म्हणून आपण वरचे, हे दोन्ही मनातून काढून टाका.

मला विचाराल तर नोकरी करणाऱ्याने हो किंवा नाही म्हणण्याआधी एखाद-दोन वर्षं तिसरी गोष्ट करावी. जवळच्या एखाद्या गायनाच्या वर्गात साथीला बसावं. पेठांपासून बाणेर-हडपसरपर्यंत असे वर्ग आहेत आणि नियमित येणारा तबलावादक त्यांना कायम हवा असतो. विद्यार्थी चुकतो, लय सोडतो, सम हुकवतो आणि तुम्हाला त्याला सांभाळत ठेका धरायचा असतो. विलंबित एकताल वीस मिनिटं न वाढवता धरणं हे कुठल्याही चक्रदारापेक्षा अवघड आहे. तिथे जाब विचारणारे गुरुजी असतात, पण तारखेचं दडपण नसतं. घरगुती बैठकी, भजनी मंडळं यांचंही तसंच. या काळात तुम्हाला स्वतःबद्दल कळतं: दुसऱ्याचं गाणं उभं राहिलं की समाधान वाटतं, की घरी जाऊन आपला कायदा घ्यायची ओढ लागते. पहिलं असेल तर कार्यक्रमांकडे जा. दुसरं असेल तर घरी राहा, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी गुरूंना किंवा जाणत्या मित्राला वाजवून दाखवा.

आणि शनिवारचा तो फोन आलाच असेल, थांबायला वेळ नसेल, तर आधी गाण्यांची यादी मागा, प्रत्येक गाण्याची पट्टी विचारा, तालमी किती ते विचारा, मानधन किती आणि कधी तेही संकोच न करता विचारा. यादीतली निम्मी गाणी नीट माहीत नसतील आणि तालीम एकच असेल तर या वेळी नको म्हणा. त्याच फोनवर विचारा, "तालमीला नुसतं बसायला येऊ का?" माझ्या अनुभवात याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या वेळी फोन असं विचारणाऱ्यालाच येतो.