पबटेटर ३: रोगकारक जनुकांच्या शोधातील उपयुक्त साधन
खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत संशयित जनुकांची लांबलचक यादी हाती येते, तेव्हा आधी कोणते तपासावे हे ठरवताना मी अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राचे पबटेटर ३ हे विनामूल्य साधन वापरते. पबमेड या वैद्यकीय व जैविक संशोधनलेखांच्या संग्रहातील ३.६ कोटींहून अधिक लेखांच्या सारांशांतील जनुके, रोग आणि उत्परिवर्तने न्यूरल नेटवर्क या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्राच्या साहाय्याने ओळखून ते त्यांच्यातील संबंधही दाखवते. एकाच जनुकाची अनेक नावे ते एका ओळखक्रमांकाखाली आणते, आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण ‘पी५३’ आणि ‘टीपी५३’ या एकाच जनुकाच्या दोन नावांचा वेगवेगळा शोध घ्यावा लागत नाही. जनुकांचा प्राधान्यक्रम मात्र आपणच लावायचा असतो. शिवाय ज्यांवर भरपूर लिहिले गेले आहे, अशीच जनुके साहित्यशोधात ठळक दिसतात. दुर्मिळ आजारात दोषी जनुक नेमके दुर्लक्षित असू शकते, म्हणून मूळ सारांश वाचणे टाळू नये.