टिळकवाडीतील रविवारचा अभियांत्रिकी अभ्यासवर्ग : एका अध्यापकाचा अभिप्राय

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात असल्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेणाऱ्या शिकवण्यांना येथे तोटा नाही. टिळकवाडीत रविवारी भरणाऱ्या या वर्गाने मात्र निराळेच काम अंगावर घेतले आहे : मेकॅनिकलच्या मुलांना मुरलेल्या अभियंत्यासारखा विचार करायला शिकवणे. माझे काही विद्यार्थी तेथे जातात आणि मीही मागे बसून हा वर्ग पाहिला आहे.

वर्ग घेणारे सर उद्यमबागेतील फाउंड्रीतून, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातून, निवृत्त झालेले आहेत. ते रिजेक्ट झालेले, मधोमध कापलेले कास्टिंग (ओतीव भाग) टेबलावर ठेवतात आणि दोष कशामुळे आला, असे विचारतात. वाळू ओली होती, धातू पुरेसा तापला नव्हता, अशी पाठ केलेली यादी मुले लगेच म्हणून दाखवतात. त्यानंतर सर त्या तुकड्यावरून बोट फिरवत, मनात जे जे चालले आहे ते मोठ्याने बोलू लागतात. पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असेल, तर वायू अडकला असावा, म्हणून वाळूतला ओलावा आणि कोअर (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) तपासायचा; ती वेडीवाकडी, खडबडीत आणि नेमकी जाड भागात असेल, तर तो भाग सर्वांत शेवटी घट्ट झाला व आकसताना त्याला धातू पुरला नाही, म्हणून रायझरकडे, म्हणजे आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या साच्यातील साठ्याकडे, वळायचे. ‘आधी जागा बघा, मग भोक बघा, कारणाचं नाव सगळ्यात शेवटी घ्या,’ हे ते वारंवार बजावतात.

माणसे कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली भौतिकशास्त्रातील उदाहरणांचे गट पाडायला सांगितले, तेव्हा नवख्यांनी उतरण, कप्पी अशा दिसणाऱ्या वस्तूंवरून गट केले, तर तज्ज्ञांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेसारख्या तत्त्वांवरून केले. आमची मुलेही ‘भोक’ एवढेच पाहतात. सवयीमुळे जाणकाराच्या मनातील मधल्या पायऱ्या त्याच्याही लक्षात येत नाहीत, आणि म्हणून वर्गात त्या सहसा कोणी सांगत नाही. येथे त्या सांगितल्या जातात, आणि त्याही मराठीतून, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दुपारच्या सत्राबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. तेव्हा मुलांनी स्वतः निदान करायचे असते. पण कोणी अडखळला की मदतनीस लगेच उत्तर सांगून मोकळे होतात. आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला नाही, तर विद्यार्थी सरांचा विचार ऐकतो, स्वतः करत नाही. चुकीचे निदान पूर्ण मांडू द्यावे आणि ते कोणत्या खुणेपाशी अडते, हे त्यालाच शोधू द्यावे. गटही लहान हवेत, कारण एका तुकड्याभोवती इतकी गर्दी होते की मागच्यांना पोकळीची आतली बाजू दिसतच नाही.

खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी परतीच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पाठवणार नाही. ओतकामाचा विषय शिकून झालेल्यांनी मात्र शेवटच्या वर्षाची वाट न पाहता जावे, आणि सकाळचे सत्र चुकवू नये.